बेलापूर आणि दौंड–मनमाड लोहमार्ग

बेलापूर : महाराष्ट्र राज्याच्या अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे नाव अहमदनगर) जिल्ह्यातील, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी वसलेले जुने बाजारपेठेचे गाव. बुद्रुक व खुर्द असे त्याचे दोन भाग असून बाजारपेठ मुख्यतः बुद्रुकमध्ये आहे. तालुक्याचे ठाणे श्रीरामपूर हे गावापासून सु. ६ किमी. अंतरावर आहे. ठाणे खाडीकाठच्या, आता नवी मुंबईत मोडणाऱ्या बेलापूरशी या गावाचा काही संबंध नाही. गाव लहान असले, तरी त्याच्या नावाचा पसारा मोठा झाला. दौंड–मनमाड लोहमार्गावरील ज्या स्थानकाभोवती श्रीरामपूर शहर वाढले, त्या स्थानकाला बेलापूर हे नाव मिळाले. हरेगाव येथे साखर कारखाना काढणाऱ्या कंपनीनेही तेच नाव धारण केले. अशा रीतीने एका नावाची तीन ठिकाणे झाली आणि त्यांपैकी मूळचे जे, त्याच्या वाट्याला ना स्थानक आले ना कारखाना. धान्य पिकविणाऱ्या मुलखातून आगगाडी गेली म्हणजे तेथील पेठेचे, शेताचे व धान्याचे काय होते, हे समजून घेण्यास बेलापूरचा इतिहास म्हणून उपयोगी पडतो.

प्रवरा नदी सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावते आणि अकोले, संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर व नेवासे या भागांतून वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. उगमाकडे धो धो पाऊस पडतो. परंतु बेलापूरचा परिसर पर्जन्यछायेत असल्याने तेथे वर्षाकाठी सु. ५० सेंमी. पाऊस होतो व तोही बेभरवशाचा. जमीन मात्र नदीकाठची, काळी, खोल आणि ओल धरून ठेवणारी आहे. हलक्या जमिनीत खरिपाची बाजरी आणि भारी जमिनीत रब्बीची ज्वारी, गहू, हरभरा व करडई ही येथील पूर्वापार पिके होत. रब्बीचा सारा भरवसा परतीच्या पावसावर असे. हस्त नक्षत्राचा पाऊस चांगला झाला, की शाळू पेरावा आणि मग थंडीच्या दवावर व जमिनीतील ओलीवर पीक काढावे, अशी ही शेती. हस्त कोरडा गेला म्हणजे पुढील वर्षभराच्या भाकरीची चिंता घरोघर उभी राही.

लोहमार्ग येण्यापूर्वी या भागातील धान्याचा मोठा हिस्सा गावातच राहत असे. खळ्यावर बलुतेदारांचे बलुते दिले जाई, सरकारचा सारा भागविण्यापुरते धान्य विकले जाई आणि उरलेले कणगीत किंवा पेवात साठविले जाई. पेव म्हणजे कोरड्या, चिवट जमिनीत खणलेला खोल खड्डा. त्याला आतून कडबा व भुसा लावून त्यात ज्वारी भरीत आणि तोंड मातीने लिंपून बंद करीत. चांगल्या पेवातील ज्वारी काही वर्षे टिके. सुगीच्या वर्षाचे धान्य तुटीच्या वर्षासाठी राखण्याचे ते साधन होते. या पेवांवर बहुधा पाटील, सधन कुणबी व सावकार यांचाच ताबा असे आणि अडचणीच्या काळी गरिबाला त्यातील दाणा सवाई-दिढीने घ्यावा लागे, हेही विसरून चालणार नाही. तरीही धान्य गावात आहे, हे सर्वांना ठाऊक असे व त्या जाणिवेचा एक नैतिक दाबही असे.

गावाबाहेर जाणारे धान्य बैलांच्या पाठीवरून जाई. लमाण व वंजारी यांचे तांडे शेकडो बैल घेऊन देशावरून धान्य उचलीत आणि परतताना कोकणातून मीठ आणीत. एका बैलावर अडीच-तीन मणांची गोण लादून दिवसाला दहा-पंधरा किमी. मजल मारायची, अशी ही वाहतूक मंद व खर्चाची होती. त्यामुळे शंभर किमी. अंतरावरील दोन पेठांत एकाच वेळी धान्याचा भाव दुप्पट-तिप्पट वेगळा असणे नवलाचे नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पक्क्या सडका झाल्या, बैलगाड्यांची संख्या वाढली आणि तांड्यांचा व्यवसाय मागे पडू लागला. लोहमार्गाने त्याला शेवटचा धक्का दिला.

याच सुमारास शेतकऱ्याचा रोकडीशी संबंध वाढत गेला. ब्रिटिश अंमलात सारा रोख भरावा लागे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, लोहमार्गांच्या व इतर बांधकामांवर मजुरीही मिळू लागली आणि दख्खनमधील शेतकऱ्याची पत एकाएकी वाढली. सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले. नव्या जमाबंदीने सारा मात्र वाढला. दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांनी जमिनी सावकारांच्या नावे चढू लागल्या. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेला शेतकऱ्यांचा उठाव पाहता पाहता अहमदनगर जिल्ह्याच्या दक्षिण भागात पसरला. या ‘दंग्यां’त शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या जीवितावर नव्हता, त्यांच्याकडील कर्जरोखे मिळवून जाळून टाकण्यावर होता. त्याची परिणती १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात झाली. दौंड–मनमाड लोहमार्गाची उभारणी नेमकी या दोन घटनांच्या, म्हणजे १८७५ चा उठाव व १८७९ चा कायदा यांच्या, मधल्या काळातील आहे.

या मार्गाचे प्रयोजन बेलापूरच्या बाजरीत किंवा अहमदनगरच्या व्यापारात शोधू गेल्यास ते सापडणार नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या दोन मुख्य शाखा कल्याण येथे फुटत होत्या. आग्नेयेकडील शाखा बोरघाट चढून पुणे, दौंड, सोलापूर या मार्गाने जात असे आणि १८७१ साली ती रायचूर येथे मद्रासकडून येणाऱ्या लोहमार्गास मिळाली. ईशान्येकडील शाखा थळ घाट चढून नासिक, मनमाड, भुसावळवरून १८७० साली जबलपूरकडील मार्गाशी जोडली गेली. बोरघाटाचा चढ १८६३ साली व थळ घाटाचा १८६५ साली रहदारीस खुला झाला होता. दोन्ही शाखा घाटमाथ्यावर पोहोचत होत्या खऱ्या. परंतु माथ्यावर त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेकडे जाणारा माल, सैन्य किंवा टपाल प्रथम एक घाट उतरून कल्याणला आणावे आणि तेथून दुसरा घाट चढवून न्यावे, असा हा द्राविडी प्राणायाम होता. दौंड (तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत धोंड) आणि मनमाड ही दोन स्थानके थेट जोडली, तर दोन्ही घाट टळत होते. सु. २३५ किमी. लांबीचा हा जोडमार्ग, वाटेतील गावांसाठी आखलेला नव्हता. तो दोन मोठ्या मार्गांमधील आडवी दांडी होता. त्याची बहुतांश लांबी अहमदनगर जिल्ह्यातून जाते, हा भूगोलाचा योगायोग होय.

मुख्य शाखा बांधणाऱ्या कंपनीला सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. या हमीचा बोजा तिजोरीवर, म्हणजे अंती करदात्यावर, पडू लागल्याने १८६९ नंतर सरकारने काही मार्ग स्वतःच्या पैशाने बांधण्याचे धोरण स्वीकारले. दौंड–मनमाड हा अशा सरकारी लोहमार्गांपैकी एक असून त्यावरील वाहतूक चालविण्याचे काम मात्र ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीकडेच राहिले. दोन्ही टोकांचे मार्ग रुंदमापी असल्याने हाही रुंदमापी आणि एकेरी बांधण्यात आला.

मार्गाच्या बांधणीला वेग आला तो दुष्काळाने. १८७६ साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला. खरीप हातचे गेले आणि परतीचा पाऊसही न झाल्याने रब्बीची पेरणीच होऊ शकली नाही. मुंबई, मद्रास, म्हैसूर व हैदराबाद या प्रदेशांवर पसरलेला हा दुष्काळ १८७८ पर्यंत टिकला. त्यात ब्रिटिश हिंदुस्थानात सु. ५५ लक्ष माणसे दगावली, असा अंदाज केला जातो. अहमदनगर हा मुंबई इलाख्यातील पीडित जिल्ह्यांपैकी एक होता. उपाशी लोकांना काम देण्यासाठी सरकारने रस्ते, तलाव व कालवे यांची कामे काढली आणि दौंड–मनमाड मार्गाचे मातीकामही दुष्काळी काम म्हणून हाती घेण्यात आले. लोहमार्गाचा भराव घालणे हे अशा कामास सोयीचे असते. त्याला कौशल्य लागत नाही. कुदळ, फावडे आणि पाटी एवढ्या साधनांवर हजारो माणसे, बाया व मुले एकाच वेळी कामास लावता येतात.

मजुरीचा प्रश्न मात्र विकोपास गेला. हिंदुस्थान सरकारने दुष्काळ-दौऱ्यावर पाठविलेले सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च आवरण्यासाठी दैनिक मजुरी एक पौंड धान्याची किंमत व वर थोडे पैसे इतकी खाली आणली. एक पौंड म्हणजे अर्धा किलोपेक्षाही कमी. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एवढ्या दाण्यावर जगणे अशक्य आहे, असे मद्रासचे आरोग्य-आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी जाहीरपणे मांडले. १८७७ च्या प्रारंभी मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवरील हजारो मजुरांनी काम सोडून दिले. कमी केलेली मजुरी आणि घरापासून दूरच्या कामावर जाऊन छावणीत राहण्याची सक्ती या दोन्हींविरुद्ध तो एक प्रकारचा संप होता. पुणे सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे यांनी, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारकडे पत्रांमागून पत्रे धाडली. दुष्काळाच्या प्रश्नावर आकडेवारी व स्थानिक वृत्तांत यांच्या आधारे सरकारशी वाद घालण्याची महाराष्ट्रातील ही पहिली मोठी चळवळ म्हणता येईल. टेंपल स्वतः त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

मार्ग १८७८ साली रहदारीस खुला झाला. भीमा, सीना, मुळा, प्रवरा व गोदावरी या नद्या ओलांडून तो मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांच्या पायथ्याशी पोहोचतो. ज्यांनी भुकेपोटी भराव घातला, त्यांच्याच शिवारातील धान्य पुढे त्या भरावावरून बाहेर जाणार होते आणि दुष्काळात परगावचे धान्यही त्याच भरावावरून येणार होते. या मार्गाचा त्यानंतरचा इतिहास या दुहेरी वाहतुकीचा आहे.

राहुरीहून उत्तरेकडे निघालेला मार्ग प्रवरा ओलांडून पढेगाव व निपाणी वडगाव यांच्या बाजूने पुढे जातो आणि चितळी, पुणतांबे करीत गोदावरी गाठतो. बेलापूर गाव त्याच्या एका अंगाला राहिले. जुन्या पेठा नदीच्या काठी, पाण्याच्या व उताराच्या सोयीने वसलेल्या. लोहमार्गाच्या आखणीकाराला मात्र सरळ रेषा, सपाट माळ व पुलास योग्य असे नदीपात्र हवे असते. या दोन गरजा क्वचितच एका ठिकाणी जुळतात. दख्खनमधील कितीतरी स्थानकांच्या नावांना लागलेला ‘रोड’ हा शब्द या विसंगतीची खूण आहे. अमुक गावाकडे जाण्याचा रस्ता येथून फुटतो, एवढाच त्याचा अर्थ. बेलापूरसाठीचे स्थानकही गावापासून काही किमी. अंतरावर, उघड्या माळावर उभारले गेले आणि ते बेलापूर रोड या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या परिसरात नाव घेण्याजोगी दुसरी मोठी पेठ नव्हती, हे या नामकरणामागील कारण उघड आहे.

प्रारंभीच्या काळात गाव व स्थानक यांचे नाते मालकाचे व चाकराचे होते. सौदा बेलापूरच्या पेठेत होई आणि माल बैलगाड्यांतून स्थानकाच्या मालधक्क्यावर जाई. हळूहळू हे नाते उलटले. याचे कारण समजण्यास भुसार व्यापाराची रीत ध्यानात घ्यावी लागेल. मालगाडीचा डबा, ज्याला मराठीत वाघीण असा रूढ शब्द आहे, भरण्यासाठी अनेक गाड्यांचा माल एका जागी गोळा करावा लागतो. वाघीण केव्हा मिळेल याचा नेम नसतो. मिळाली की ठराविक मुदतीत ती भरून द्यावी लागते, अन्यथा विलंबशुल्क पडते. त्यामुळे मालाची पोती धक्क्याजवळच्या वखारीत आधीपासून तयार असणे व्यापाऱ्याच्या हिताचे ठरते. वखार तेथे बांधली म्हणजे काटा, हमाल व दिवाणजी तेथे येतात. त्यांच्यामागून अडत्याही येतो आणि मग शेतकऱ्याने आपली गाडी पेठेत सोडून पुन्हा स्थानकावर नेण्याचे कारण उरत नाही. तारेची सोय स्थानकावरच असल्याने मुंबईचा भावही प्रथम तेथे कळे. भाव जेथे आधी कळतो तेथे बाजार सरकतो. कोणी ठरवून केल्याशिवाय, केवळ सहा किमी.च्या अंतराने, एका पेठेचे महत्त्व दुसरीकडे गेले.

धान्याच्या भावांवर झालेला परिणाम याहून खोल होता. दूरच्या पेठांतील भाव एकमेकांच्या जवळ आले. सुगीच्या वर्षी भाव पूर्वीइतके कोसळेनासे झाले. शेतकऱ्याला, निदान ज्याच्याकडे विकण्याजोगे धान्य होते त्याला, याचा लाभ झाला. पण तोच भाव विकत खाणाऱ्यालाही पडू लागला. शेतमजूर, अल्पभूधारक व ज्याचे धान्य खळ्यावरूनच सावकाराकडे जाई असा ऋणको यांना चांगल्या वर्षातही धान्य स्वस्त मिळेनासे झाले. धान्य केव्हाही विकता येते म्हटल्यावर ते जमिनीत पुरून ठेवण्याचे कारण नाहीसे झाले आणि पेवे ओस पडू लागली. बलुत्याच्या पद्धतीतही रोकड शिरली. लोहमार्गामुळे दुष्काळ आले किंवा त्यामुळे दुष्काळ टळले, ही दोन्ही टोकाची विधाने म्हणून अपुरी वाटतात. दुष्काळाचे स्वरूप बदलले, हे अधिक खरे आहे. पूर्वी धान्य नसे, म्हणून माणसे मरत; यापुढे धान्य पेठेत दिसे आणि ते घेण्यास पैसा नसे.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन दुष्काळांत हे स्पष्ट झाले. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोहमार्ग हा दुष्काळनिवारणाचा प्रमुख उपाय मानला होता आणि त्याच्या शिफारशींनुसार दुष्काळसंहिता तयार झाल्या होत्या. धान्य खरोखरच आले. १८९६–९७ मध्ये लोकमान्य टिळकांनी केसरीतून व सार्वजनिक सभेच्या प्रचारकांमार्फत संहितेतील तरतुदी शेतकऱ्यांना समजावून दिल्या. पीक बुडाले असेल तेथे साऱ्याची सूट मागण्याचा हक्क आहे, हे सांगितले. याच काळात लोहमार्ग आधी की कालवे आधी, हा वाद रंगला. दादाभाई नवरोजी, गणेश व्यंकटेश जोशी, रमेशचंद्र दत्त यांच्यासारख्या अर्थचिंतकांचे म्हणणे असे, की लोहमार्ग असलेले धान्य इकडून तिकडे नेतो, कालवा नवे धान्य निर्माण करतो. सरकारचा खर्च मात्र पहिल्यावर अनेक पटींनी अधिक होतो. सर ऑर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानेही आयुष्यभर हाच पक्ष लावून धरला होता. प्रवरेच्या खोऱ्यात लाख व ओझर येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंधारे घालून लहान कालवे काढण्यात आले होते. पण उन्हाळ्यात नदीलाच पाणी नसे, तेथे कालव्याला कोठून येणार?

१९०१–०३ च्या पाटबंधारे आयोगानंतर दख्खनमध्ये साठवणीची मोठी धरणे बांधण्याचे धोरण ठरले. प्रवरेवर अकोले तालुक्यात भंडारदरा येथे १९१० साली धरणाचे काम सुरू होऊन ते १९२६ साली पुरे झाले. सु. ८२ मी. उंचीचे हे दगडी धरण त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत उंच होते. मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. ओझर येथून निघणारे प्रवरेचे डावा व उजवा असे दोन कालवे बेलापूर परिसराच्या शिवारांतून खेळू लागले. दुष्काळी मुलखाला बाजरी-ज्वारीचे संरक्षण मिळावे, हा या योजनेचा मूळ हेतू. परंतु धरणाचा खर्च भरून निघावा, अशी सरकारची अपेक्षा होती व पाणीपट्टीचे भरपूर उत्पन्न देणारे पीक एकच होते—ऊस. हस्ताचा पाऊस चांगला झाला तर ज्वारीचा शेतकरी कालव्याचे पाणी मागतच नाही. ऊस बारा महिने मागतो. कालवा आला भाकरीसाठी आणि पिकवू लागला साखर, असे म्हटल्यास ते फारसे अतिशयोक्त होणार नाही.

१९१९ साली स्थापन झालेल्या बेलापूर कंपनीने हरेगाव येथे साखर कारखाना उभारला. त्यासाठी परिसरातील शेतकऱ्यांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर दीर्घ मुदतीच्या खंडाने देण्यात आल्या. १९३२ साली साखर धंद्यास जकातीचे संरक्षण मिळाल्यावर याच भागात महादेव लक्ष्मण डहाणूकर यांच्या उद्योगसमूहाने टिळकनगर येथे दुसरा कारखाना काढला. पुणे जिल्ह्यातील सासवड भागातून आलेल्या माळी बागाईतदारांनी उसाची व फळबागांची कुशल शेती रुजविली. बेलापूर रोडच्या धक्क्यावरून आता भुसारापेक्षा गुळाच्या ढेपा, साखरेची पोती व मोसंब्यांच्या करंड्या अधिक जाऊ लागल्या. येथील मोसंबी मुंबईच्या बाजारात नावाजलेली होती. मार्ग जुना, वाघिणी त्याच. भरले जाणारे पीक मात्र बदलले. हमाल, गाडीवान, गुऱ्हाळकरी, ऊसतोड करणारे आणि लहानमोठे व्यापारी यांची स्थानकाभोवती दाटी झाली व माळावरच्या वस्तीचे शहर बनले. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास या शहरास श्रीरामपूर हे नाव व स्वतंत्र तालुक्याचे ठाणे हा दर्जा मिळाला. स्थानकाचे नाव रेल्वेच्या दप्तरी बेलापूरच राहिले. ज्या गावाच्या सोयीसाठी स्थानक काढले, ते त्या स्थानकाभोवती वाढलेल्या शहराच्या तालुक्यातील एक गाव झाले.

खंडाने गेलेल्या जमिनींची कथा अद्याप पुरती मिटलेली नाही. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यान्वये खाजगी साखर कारखान्यांच्या ताब्यातील जमिनी सरकारकडे आल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य शेती महामंडळाकडे त्या कसण्यासाठी सोपविण्यात आल्या. मूळ मालक असलेले ‘खंडकरी’ शेतकरी मात्र बाजूलाच राहिले. जमीन परत मिळावी म्हणून त्यांनी दिलेला लढा काही दशके चालला आणि प्रत्यक्ष वाटप एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाले. खंडाचा करार करणाऱ्या पिढीतील कोणी ते पाहण्यास उरणे शक्य नव्हते. दरम्यान, प्रवरेच्या खोऱ्यातच लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने, धनंजयराव गाडगीळ व वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले होते. हरेगावचा कारखाना पुढे बंद पडला.

धान्याची वाहतूक मात्र संपली नाही. तिची दिशा फिरली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यावर (१९४३) जिल्ह्याजिल्ह्यांतून लेव्हीचे धान्य गोळा करण्यात आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १९२५ साली सरकारच्या ताब्यात आली होती; ती १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली. १९७२–७३ च्या दुष्काळात दख्खनमधील लाखो माणसे पुन्हा दुष्काळी कामांवर गेली. खडी फोडणे, नालाबांध व पाझर तलाव ही त्यांची कामे. परदेशातून आलेला गहू व तांबडी मिलो ज्वारी शिधापत्रिकेवर मिळे, कामावर सुकडी वाटली जाई. १८७७ शी तुलना करता या वेळी माणसे भुकेने मेली नाहीत, हा फरक मोठा आहे. त्याचे श्रेय एकट्या आगगाडीला देता येणार नाही. काम मागणाऱ्यास काम देण्याचे बंधन शासनाने मानले व १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने ते हक्कात रूपांतरित केले, हे त्यामागील खरे कारण होय. भारतीय अन्न महामंडळाची मोठी गोदामे मनमाड येथे आहेत. उत्तरेकडून, विशेषतः पंजाब-हरयाणातून येणारा गहू तेथे उतरतो आणि शिधावाटपासाठी पुढे जातो. एके काळी बाजरी-ज्वारी बाहेर पाठविणाऱ्या प्रवराकाठच्या घरांत गव्हाची पोळी रोजची झाली, त्यात या मार्गाच्या उत्तर टोकाचा वाटा मोठा आहे.

स्थानिक शेतमाल १९७० नंतर उत्तरोत्तर मालमोटारींकडे वळला. मालमोटार शेताच्या बांधापर्यंत येते, तिची वाट पाहावी लागत नाही आणि दहा पोत्यांसाठीही ती मिळते. वाघिणीच्या व्यापारास ज्या कारणाने धक्क्याजवळ यावे लागले, ते कारणच त्यामुळे संपले. याचा एक परिणाम असा, की बेलापूरसारख्या आडबाजूच्या पेठांना थोडा श्वास मिळाला. भुसार व कांदा यांची खरेदी-विक्री तेथे चालू राहिली.

लोहमार्गावरील रहदारी प्रवासी व लांब पल्ल्याच्या मालगाड्या यांची झाली आहे. पुणतांबे येथून शिर्डीकडे जाणारा फाटा काढण्यात येऊन साईनगर शिर्डी स्थानक २००९ साली सुरू झाले. एकेरी मार्गाचे विद्युतीकरण व टप्प्याटप्प्याने दुहेरीकरण ही कामे एकविसाव्या शतकात हाती घेण्यात आली. म्हणजे उत्तर व दक्षिण यांना जोडणारी आडवी दांडी हे या मार्गाचे मूळ काम आजही प्रधान आहे. याउलट, या मार्गापासून पूर्वेस नेवासे, शेवगाव, गेवराई, बीडवरून परळीपर्यंत जाणाऱ्या फाट्याची मागणी ब्रिटिश काळापासून होत आली आहे. तो केवळ वाटेतील गावांसाठी, तेथील ज्वारी, कापूस व माणसे यांच्यासाठी काढावयाचा मार्ग असून त्याचे नाव आरंभापासून बेलापूर–परळी असेच चालत आले आहे. तो झालेला नाही.